दुचाकीचा आरसा : मागचा रस्ता विकत घेण्याचा इतिहास

१/
३० मे १९११. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर ५०० मैलांच्या पहिल्या शर्यतीसाठी ४० मोटारी उभ्या होत्या. इतर मोटारींत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसलेला होता. ३२ क्रमांकाच्या पिवळ्या मार्मन मोटारीत मात्र रे हॅरून हा चालक एकटाच होता. शेजारच्या माणसाऐवजी त्याने समोर एक आरसा बसवला होता. वाहनाच्या आरशाचा इतिहास सांगताना बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि विजयापाशी थांबतात. दुचाकीस्वारांच्या दृष्टीने खरी गोष्ट त्या विजयानंतर हॅरूनने दिलेल्या कबुलीत आहे.

२/
तो मेकॅनिक हौसेखातर बसत नसे. तेलाचा पंप मारणे आणि मागून कोण येत आहे हे चालकाला सांगणे ही त्याची कामे होती. हॅरून स्वतः अभियंता. एका माणसाचे वजन वाचले आणि मोटारीचा आकार निमुळता झाला, तर वेग वाढेल हा त्याचा हिशेब होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, की मागचे न दिसणारा चालक सर्वांनाच धोकादायक आहे. त्यावर हॅरूनने सुमारे ८ इंच लांब आणि ३ इंच उंच आरसा चौकटीत बसवून डोळ्यांसमोर उभा केला. १९०४ साली शिकागोत एका घोडागाडीवर असा आरसा पाहिला होता, असे तो सांगे.

३/
मध्यंतरी काही फेऱ्या सायरस पॅश्की या बदली चालकाने चालवल्या, तरी शर्यत हॅरूनच्या नावावर लागली. वेळ ६ तास ४२ मिनिटे, सरासरी वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर. पुढे हॅरूनने सांगितले, की त्या आरशात त्याला जवळजवळ काहीच दिसले नव्हते. १९०९ मध्ये सुमारे ३२ लाख विटा अंथरून ती धावपट्टी तयार झाली होती. विटांवरून धावणाऱ्या मोटारीच्या थरथरीत आरशातील प्रतिमा विरून जाई. म्हणजे ज्या आरशाने हरकत मोडून काढली, तो प्रत्यक्ष शर्यतीत निरुपयोगी होता!

४/
‘पहिला आरसा’ हा मानही हॅरूनला निर्विवाद देता येत नाही. डॉरोथी लेव्हिट या ब्रिटिश मोटारचालिकेने १९०९ मध्ये ‘द वुमन अँड द कार’ या पुस्तकात स्त्रियांना सल्ला दिला होता, की मोटारीच्या खणात हातआरसा ठेवावा आणि अधूनमधून तो उंच धरून मागची रहदारी पाहावी. पुढे १९२१ च्या सुमारास एल्मर बर्गर या अमेरिकनाने पेटंट घेऊन असे आरसे विकायला काढले. त्याच्या मालाचे नाव होते ‘कॉप-स्पॉटर’, म्हणजे पोलीस हेरणारा. सुरक्षितता हा शब्द त्या नावात नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गाडीबरोबर न आलेली आणि हौसेने किंवा गरजेने वेगळी विकत घेतलेली वस्तू, हीच आरशाची सुरुवातीची ओळख होती. दुचाकीवर ही ओळख फार काळ टिकली.

५/
मोटारीत आरशाला जागा सहज मिळते. काच आहे, छप्पर आहे, दार आहे. दुचाकीला यांतील काहीच नाही. उरते ते हँडल. पण हँडलच्या मागे स्वार बसलेला असतो, आणि जवळ लावलेल्या आरशात रस्त्याऐवजी त्याचाच खांदा आणि कोपर दिसते. म्हणून आरसा मधल्या रेषेपासून दूर न्यावा लागतो. अमेरिकेच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाच्या नियमावल्या वेगवेगळ्या आहेत. तरी आरशाचा मध्य हँडलच्या मधल्या रेषेपासून किमान सुमारे २८ सेंटिमीटर दूर असावा, यावर दोन्हींचे एकमत आहे.

६/
दूर नेले की दांडी लांबते, आणि दांडी लांबली की हॅरूनचे जुने दुखणे परत येते. आरसा जितक्या अंशाने हलतो, त्याच्या दुप्पट अंशाने परावर्तित किरण वळतो. आरसा केवळ अर्ध्या अंशाने थरथरला, तरी २० मीटर मागच्या वाहनाची प्रतिमा सुमारे ३५ सेंटिमीटर इकडेतिकडे सरकते. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला ५० वेळा घडते. मग डोळ्याला मागे वाहन दिसत नाही, केवळ एक राखाडी डाग दिसतो.

७/
१९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनने जोडसिलिंडरी ब्रिटिश मोटारसायकलींची लाट आणली. तिचे दोन्ही दट्ट्ये एकाच वेळी वर जात आणि एकाच वेळी खाली येत, त्यामुळे हादऱ्यांच्या बाबतीत ती एका मोठ्या सिलिंडरच्या गाडीसारखीच वागे. भारतात १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेटबरोबर एकसिलिंडरी धडधड इकडेही स्थिरावली. त्या आवाजावर प्रेम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्या धडधडीत आरसा वाचता येतो असे म्हणणारे मात्र थोडे.

८/
यावर उपाय दोन दिशांनी निघाले. पहिला वजनाचा. प्रत्येक दांडीला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते; इंजिनाची कंपने तिच्याशी जुळली की थरथर कमालीची वाढते. आरशाचे डोके जड केले किंवा हँडलच्या टोकात वजन बसवले, की ही कंपनसंख्या खाली येते आणि नेहमीच्या वेगात प्रतिमा स्थिर राहते. दांडीच्या बुडाशी रबर घालण्यामागेही थरथर आरशापर्यंत पोहोचू न देण्याचाच हेतू असतो. म्हणूनच दुकानात जो आरसा हातात हलका आणि नाजूक वाटतो, तो रस्त्यावर बहुधा अधिक थरथरतो.

९/
दुसरा उपाय जागा बदलण्याचा. १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या तरुणांनी शर्यतीच्या धर्तीवर आखूड, खाली झुकलेली हँडले बसवली. स्वार टाकीवर वाकला, कोपरे मागे आली आणि उभ्या दांडीचा आरसा कुचकामी ठरला. अशा हँडलला शोभला तो बार-एंड आरसा, म्हणजे हँडलच्या पोकळ टोकात पाचरीसारखा घट्ट बसणारा. तो कोपराच्या बाहेर असल्याने मागचे मोकळे दिसते. गैरसोय एवढीच, की गाडीची रुंदी वाढते. पुण्याच्या पेठांतून ज्याने गाडी काढली आहे, त्याला ही गैरसोय समजावून सांगण्याची गरज नाही.

१०/
त्याच काळात ब्रिटनमधील ‘मॉड’ तरुण व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा स्कूटरवर आरशांची रांग लावत होते. चार, दहा, कधी त्याहूनही अधिक. मे १९६४ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर मॉड आणि रॉकर यांच्या मारामाऱ्या गाजल्या आणि ती आरसेजडित स्कूटर एका पिढीची खूण झाली. ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या ‘क्वाड्रोफेनिया’ (१९७३) या संचाच्या मुखपृष्ठावर पाठमोऱ्या स्वाराच्या चार आरशांत चार वादकांचे चेहरे दिसतात.

११/
या आरशांमागे एक कथा नेहमी सांगितली जाते : सरकारने दुचाकीला एक आरसा सक्तीचा केला, म्हणून मॉडांनी तीस लावून कायद्याची खिल्ली उडवली. कथा चटकदार आहे, पण तिच्यावर विश्वास ठेवणे कठीण. ब्रिटनमध्ये वाहनाची रचना आणि वापर यांविषयीच्या १९८६ च्या नियमांनीही दुचाकीवर आरशाची सक्ती केलेली नाही. नव्या गाडीच्या मान्यतेचे निकष वेगळे. मारामाऱ्यांनंतर वीस वर्षांनीही जी सक्ती नियमावलीत नाही, तिची खिल्ली १९६४ मध्ये उडवली गेली असे मानण्यापेक्षा चकाकत्या क्रोमची हौस हे साधे कारण अधिक पटते.

१२/
स्कूटरचा तोच वंश भारतातही आला. मुंबईत एपीआयने लॅम्ब्रेटा बांधली, आकुर्डीत बजाजने आधी परवान्याखाली व्हेस्पा आणि १९७२ पासून चेतक. चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. इतक्या प्रतीक्षेनंतर दारात आलेल्या गाडीला सजवणे ओघानेच आले : सीट कव्हर, स्टेपनीचे कव्हर, मडफ्लॅप आणि लांब दांडीचे गोल आरसे. आरसा या यादीत होता, म्हणजेच तो दागिन्यांत मोडत होता. मागची रहदारी पाहण्याचे काम अनेक घरांत मागे बसणाऱ्याकडे असे. “बघ रे, मागून काही येतंय का?” हा प्रश्न म्हणजे इंडियानापोलिसच्या त्या मेकॅनिकला दिलेले कामच होते.

१३/
आज भारतात नव्या दुचाकीला आरसे बंधनकारक आहेत, तरी दागिन्याची ती ओळख पुसलेली नाही. नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत मूळ आरसे काढून छोटे, टोकदार आरसे लावून घेणारे तरुण रोज दिसतील. इथे थोडे गणित करावे. युरोपीय आयोगाच्या नियमानुसार दुचाकीच्या गोल आरशाचा व्यास किमान ९४ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ किमान ६९ चौरस सेंटिमीटर हवे. बाजारातला ३ इंची गोल बार-एंड आरसा ७६ मिलिमीटरचा भरतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे किमान मर्यादेच्या दोन तृतीयांश.

१४/
छोट्या आरशाची उणीव भरून काढण्यासाठी तो अधिक फुगीर, म्हणजे बहिर्वक्र केला जातो. त्यात रस्ता जास्त मावतो, पण वाहने लहान दिसतात. १२०० मिलिमीटर वक्रता त्रिज्येचा, डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर असलेला आरसा घेतला, तर २० मीटर मागची बस सपाट आरशात सुमारे ४४ मीटरवर दिसावी तेवढी छोटी दिसते. म्हणून त्या नियमावलीने बहिर्वक्र आरशाची त्रिज्या १००० ते १५०० मिलिमीटर यांमध्येच बांधून टाकली आहे. अमेरिकेत सपाट आरसा किमान साडेबारा चौरस इंचांचा लागतो, बहिर्वक्र असेल तर दहाचा पुरतो. नवा आरसा घेताना व्यासाइतकीच ही वक्रताही पाहावी. दाराशी उभे राहून मागच्या ओळखीच्या गाडीची प्रतिमा मूळ आरशाशी ताडून पाहिली, तरी फरक लगेच कळतो.

१५/
एक आक्षेप न्याय्य आहे. हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० हून अधिक मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार तीन चतुर्थांशाहून अधिक धोके समोरच्या ४५ अंशांच्या टापूतून, उजवीकडून किंवा डावीकडून आले होते. मग मागच्या आरशाची एवढी चर्चा कशाला? कारण ते रस्ते आपले नव्हते. जिथे ट्रक, बस, रिक्षा आणि दुचाकी एकाच पट्ट्यात धावतात आणि खड्डा चुकवण्यासाठी स्वाराला क्षणात उजवीकडे सरकावे लागते, तिथे सरकण्याआधी मागचे ठाऊक असणे भाग पडते.

१६/
तरीही मोठ्यातल्या मोठ्या आरशाच्या कडेबाहेर, स्वाराच्या खांद्यालगत, एक पट्टा अदृश्यच राहतो. तो मान वळवूनच पाहावा लागतो. ब्रिटनमधील मोटारसायकल प्रशिक्षणात वळण्यापूर्वीच्या या शेवटच्या नजरेला ‘लाइफसेव्हर’ म्हणतात. गाडीला दोन्ही बाजूंना उत्तम आरसे असले, तरी परीक्षक स्वाराची मान वळते की नाही हे पाहतोच.