हृदयाच्या झडपांचे आजार: दम लागणं केव्हा तपासून घ्यावं?

घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनचा पूल चढताना थोडा दम सगळ्यांनाच लागतो. पण सहा महिन्यांपूर्वी एका दमात चढत होतात तोच पूल आता मध्ये थांबून चढावा लागत असेल, तर त्याला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. झडपेचा आजार हळूहळू वाढतो आणि रुग्ण नकळत आपला वेग कमी करत जातो. म्हणून 'त्रास आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. घरच्यांना विचारलं की खरं कळतं: आई हल्ली बाजारात जात नाही, बाबा रात्री दोन उशा घेऊन झोपतात.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे फिरू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. झडप नीट उघडेनाशी झाली तर ती अरुंद झाली म्हणतात आणि नीट मिटेनाशी झाली तर ती गळते.

आपल्याकडे तरुण वयात झडप खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे रूमॅटिक ताप. लहानपणी जंतूंमुळे घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात, मग सगळं बरं होतं आणि विसरलंही जातं. झडप मात्र पुढे कित्येक वर्षं आखडत राहते. डावीकडची मायट्रल झडप साधारण ४ ते ६ चौरस सेंटीमीटर उघडते. ती दीडपेक्षा कमी उघडू लागली की आजार गंभीर धरतात. अनेक बायकांना याचा पहिला त्रास गरोदरपणात होतो, कारण तेव्हा शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं. त्यामुळे गरोदर बाईला आडवं झाल्यावर दम लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा. साठीनंतर मात्र बहुतेक वेळा महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचतं. चालताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं ही त्याची धोक्याची खूण आहे.

निदानासाठी टूडी इको करतात. त्यात सुई नाही, दुखत नाही. रिपोर्टमध्ये 'ट्रिव्हियल' किंवा 'माइल्ड' गळती लिहिलेली दिसली की लोक घाबरून येतात. अशी किरकोळ गळती निरोगी माणसातही सापडते. 'सिव्हिअर' लिहिलं असेल तर मात्र त्रास नसला तरी हृदयरोगतज्ज्ञांना भेटायलाच हवं.

गोळ्यांनी पाणी उतरतं, धडधड कमी होते. झडप दुरुस्त होत नाही. अरुंद मायट्रल झडप योग्य स्थितीत असेल तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन, छाती न उघडता रुंद करता येते. नाहीतर दुरुस्ती किंवा बदल. परळच्या केईएमसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे उपचार होतात. झडपेच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही आहेत. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

जैविक झडप साधारण १० ते १५ वर्षं टिकते. कृत्रिम, म्हणजे मेकॅनिकल झडप जास्त टिकते (तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली भारतीय झडप १९९० पासून वापरात आहे), पण तिच्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. माझी सगळ्यात जास्त काळजी इथे असते. ऑपरेशन छान होतं, वर्षभराने 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद होते, झडपेवर गुठळी बसते आणि रुग्ण अर्धांगवायू होऊन येतो. आयएनआर नियमित तपासा. मायट्रल झडपेसाठी तो बहुधा २.५ ते ३.५ ठेवतात. पालेभाजी बंद करू नका, फक्त प्रमाण रोज सारखं ठेवा. दुखण्याची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

रूमॅटिक आजार असलेल्यांनी दर २१ दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवू नये. गावी जाताना तारीख बघून जा.