बागेची संरक्षक भिंत : गोव्याच्या मातीत आणि पावसात टिकणारी बांधणी

गोव्यात सपाट जमीन थोडी. पेडणे, डिचोलीपासून काणकोणपर्यंत असंख्य घरे आणि बागा टेकड्यांच्या उतारांवर वसलेल्या आहेत. उतारावर बाग करायची म्हणजे जमिनीचे टप्पे करावे लागतात आणि प्रत्येक टप्प्याची माती जागेवर राहावी यासाठी संरक्षक भिंत उभारावी लागते. फोंडा, सत्तरी, सांगे या भागांतील कुळागरांत पोफळी, नारळ आणि मिरवेलींचे टप्पे अशाच दगडी बांधांवर पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. त्याच वेळी, चार-पाच वर्षांपूर्वी सिमेंटात बांधलेली भिंत जुलैच्या एखाद्या रात्री मातीसह खाली आल्याचे वृत्त जवळपास प्रत्येक पावसाळ्यात वाचावयास मिळते. जुना कोरडा बांध टिकतो आणि नवी पक्की भिंत कोसळते, यामागचे प्रमुख कारण पाणी हे होय. जुन्या बांधाच्या फटींतून पाणी वाहून जाते; नवी भिंत ते अडवून धरते.

पाण्याचा रेटा

दोन मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडी, निचरा होणारी माती असेल तर भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर साधारण १.२ टन आडवा रेटा येतो. त्याच मातीत माथ्यापर्यंत पाणी साचले, तर पाण्याचा स्वतःचा रेटाच दोन टन होतो. भिजलेल्या मातीचा उरलेला रेटा धरून एकूण भार अडीच टनांच्या पुढे जातो. आता या उंचीची, तळाशी १.१ मीटर आणि माथ्याशी ४५ सेंटिमीटर रुंद अशी चिऱ्याची भरीव भिंत घेतली, तर तिचे वजन धावत्या मीटरमागे सुमारे तीन टन भरते. तळाशी होणारे घर्षण वजनाच्या निम्मे धरले तरी भिंत दीड टनापर्यंतचा रेटा सहन करते. म्हणजे कोरड्या मातीपुढे ती उभी राहते आणि साचलेल्या पाण्यापुढे सरकते. दगड तोच, गवंडी तोच, खर्चही तोच. फरक केवळ निचऱ्याचा.

दुसरा नियम उंचीचा आहे. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथविणारी शक्ती आठपट होते. म्हणून एका मीटरच्या भिंतीचा अनुभव दोन मीटरच्या भिंतीला लागू पडत नाही.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटपायथ्याशी त्याहून अधिक. त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २०० चौरस मीटरच्या लहानशा बागेवर २०,००० लिटर पाणी पडते. घराच्या छपरावरून उतरणारे पाणी त्यात मिळाले की आकडा आणखी वाढतो. या पाण्याला वाट करून देणे हे भिंतीच्या बांधकामातील पहिले काम होय.

जमिनीची ओळख

राज्यातील पठारे आणि टेकड्या बहुतांशी जांभ्या दगडाच्या आहेत. या खडकाला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये केरळातील निरीक्षणांवरून दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि उघड्यावर राहिल्यावर कठीण होतो. त्याचा वरचा थर मजबूत असला, तरी त्याखाली अनेक ठिकाणी पांढरट, पिवळसर किंवा जांभळट छटेची, ओली झाल्यावर साबणासारखी बुळबुळीत लागणारी माती असते. भूशास्त्रात तिला ‘लिथोमार्ज’ म्हणतात. उन्हाळ्यात ती कुदळीला दाद देत नाही. पाणी मुरले की मात्र तिचा जोर नाहीसा होतो. टेकडी कापून केलेल्या उभ्या कडेत हा थर उघडा पडला असेल, तर तेथे केवळ गवंड्याच्या अंदाजावर भिंत उभारू नये.

किनारपट्टीच्या वाळूत निचरा उत्तम असतो, पण पायाखालची वाळू वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते. तेथे पाया अधिक खोल घ्यावा लागतो. खाजन जमिनीच्या कडेला माती चिकण आणि खारट असते. तेथे जड भिंत खचते आणि काँक्रीटमधील लोखंड लवकर गंजते. अशा जागी उंच भिंतीचा विचार सोडून कमी उंचीचा, रुंद बांध घालणे शहाणपणाचे ठरते.

चिऱ्याची निवड

सर्वच चिरे सारखे नसतात. लॅटराइटच्या बांधकामी दगडासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस ३६२०) चिऱ्याने शोषलेले पाणी त्याच्या वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये आणि त्याची दाबशक्ती प्रति चौरस मिलिमीटर किमान ३.५ न्यूटन असावी. शोषणाची ढोबळ चाचणी घरीही करता येते. पूर्ण सुकलेला चिरा तोलून चोवीस तास पाण्यात ठेवावा आणि पुसून पुन्हा तोलावा. तीस किलोचा चिरा ३३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेला, तर तो भिंतीच्या तळात वापरू नये. पिवळसर मातीच्या गाठी असलेला, नखाने खरवडला जाणारा किंवा ठोकल्यावर बद्द आवाज करणारा चिरा बाजूला काढावा. ताजा कापलेला चिरा काही आठवडे उघड्यावर वाळू द्यावा.

पावसात उघडा राहिलेला चिरा झिजतो, याचे सर्वपरिचित उदाहरण जुन्या गोव्यात आहे. बॉम जीझस बासिलिकेच्या बाह्य भिंतींवरचा चुन्याचा गिलावा गेल्या शतकाच्या मध्यास काढण्यात आला आणि तेव्हापासून उघड्या पडलेल्या जांभ्या दगडाची झीज हा जतनतज्ज्ञांच्या चिंतेचा विषय राहिला आहे. बागेच्या भिंतीसाठी यातून घेण्याजोगा बोध असा, की माथा झाकलेला हवा. माथ्यावर बाहेर थोडे डोकावणारे, उताराचे टोपण घातल्यास पाणी चिऱ्यात मुरत नाही. दर्शनी बाजूवर सिमेंटचा घट्ट गिलावा मात्र टाळावा. मागून येणारी ओल त्यात कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो. चुन्याचा गिलावा ओलीला वाट देतो.

कोणती भिंत कोठे

एक मीटरपर्यंतच्या उंचीसाठी कोरडी दगडी बांधणी, म्हणजेच गडगा, आजही उत्तम पर्याय आहे. दगड डोंगराकडे किंचित झुकलेले ठेवावेत, सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत आणि ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवावा.

दीड मीटरपर्यंत चिऱ्याची, मसाल्यात बांधलेली भरीव भिंत चालते. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून अधिक असावी आणि दर्शनी बाजू डोंगराकडे कललेली असावी; दर मीटर उंचीला दहा ते पंधरा सेंटिमीटर कल पुरेसा होतो. मसाल्यासाठी समुद्राची वाळू वापरू नये.

ओढ्याच्या काठी किंवा जमीन थोडी खचण्याची शक्यता असलेल्या जागी तारेच्या जाळीत दगड भरून केलेली गॅबियन भिंत उपयोगी पडते. ती थोडी वाकली तरी तुटत नाही आणि पाणी अडवीत नाही. जाळी जस्तलेपित असावी आणि किनाऱ्यालगत त्यावर प्लास्टिकचे आवरणही असावे.

दीड मीटरहून उंच भिंत, वरच्या बाजूस घर, रस्ता किंवा वाहन उभे करण्याची जागा असलेली भिंत आणि लिथोमार्जच्या थरावरची भिंत यांचा आराखडा स्थापत्य अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

एक चूक वारंवार आढळते. एका चिऱ्याच्या जाडीची कुंपणाची भिंत आधी उभी राहते आणि नंतर आतल्या बाजूस भराव टाकून अंगण वाढविले जाते. कुंपणाची भिंत मातीचा रेटा सहन करण्यासाठी बांधलेली नसते. असा भराव टाकणे म्हणजे खालून जाणाऱ्या माणसांच्या डोक्यावर धोका टांगून ठेवणे होय.

जागा असेल तेथे एका उंच भिंतीऐवजी दोन टप्पे करावेत. दोन मीटरची एक भिंत १.२ टन रेटा घेते. एकेक मीटरच्या दोन भिंतींपैकी प्रत्येकीवर ०.३ टनच येतो. मात्र वरची भिंत खालच्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दुप्पट, म्हणजे दोन मीटर, मागे असावी.

बांधणीचा क्रम

पाया भराव काढून मूळ कठीण जमिनीपर्यंत न्यावा आणि तो किमान ४५ ते ६० सेंटिमीटर खोल असावा. पायाचा तळ डोंगराच्या बाजूस किंचित उतरता ठेवल्यास भिंत पुढे सरकण्यास विरोध होतो.

भिंतीच्या पाठीशी सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर तळापासून वरपर्यंत भरावा. खडी काळ्या दगडाची असावी. चिऱ्याचे तुकडे स्वस्त मिळतात, परंतु ते भिजून फुटतात आणि त्यांचा चिखल निचऱ्याची वाट बंद करतो. खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणीचे कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, घालावे. थराच्या तळाशी छिद्रे असलेला पाइप उताराने टाकून त्याचे तोंड मोकळ्या गटारात काढावे.

गवंडी ज्यांना ‘वीप होल’ म्हणतात ती निचऱ्याची छिद्रे ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची, दीड ते दोन मीटरच्या अंतराने आणि पहिली रांग पायथ्याच्या जमिनीच्या किंचित वर ठेवावी. ती बाहेरच्या बाजूस उतरती असावीत.

मागचा भराव मुरुमाचा असावा आणि १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत ठोकून बसवावा. खणून काढलेली चिकणमाती पुन्हा मागे लोटू नये. माथ्यावर पिकासाठी लागणारी सुपीक माती ३० ते ४० सेंटिमीटर पुरे. भिंतीच्या मागे एक पक्के गटार काढून वरच्या उताराचे आणि छपराचे पाणी बाजूला वळवावे. शौचालयाचा शोषखड्डा किंवा पाण्याची टाकी भिंतीच्या पाठीशी कधीही ठेवू नये.

भिंतीलगत आंबा, फणस किंवा वड यांसारखी मोठी झाडे नकोत. त्यांची मुळे सांधे उघडतात. उतारावर वाळा लावावा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

काम नोव्हेंबरनंतर सुरू करून एप्रिलअखेर संपवावे. मे महिन्यात मसाला पक्का होतो आणि भराव स्थिरावतो. अर्धवट भिंत आणि उघडा खणलेला उतार जूनच्या पहिल्या पावसात सापडणे सर्वांत धोक्याचे असते.

कायदा

१९७४ च्या नगर आणि ग्रामनियोजन कायद्यातील कलम १७-अ नुसार डोंगराळ जमीन कापण्यास किंवा सखल जमिनीत भराव टाकण्यास नगरनियोजन खात्याची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक आहे. बागेचे टप्पे करण्यासाठी उतार कापावयाचा असल्यास ही तरतूद आधी तपासावी. ही परवानगी कागदापुरती नाही. वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांची सुरक्षितताही तिच्याशी बांधलेली असते.

धोक्याच्या खुणा

मे महिन्यात छिद्रांत लांब काठी घालून ती मोकळी करावीत आणि गटारातील पाला काढावा. पावसाळ्यात जोरदार सर येऊनही छिद्रे कोरडी राहिली, तर पाणी मागे साचत आहे असे समजावे. छिद्रांतून गढूळ पाणी येऊ लागले, तर मागची माती वाहून जात आहे. भिंतीच्या मध्यावर फुगवटा, आडवी तडा, माथ्यामागील जमिनीत भिंतीला समांतर भेग किंवा वरच्या झाडांचा नवा कल दिसला, तर खालची जागा त्वरित मोकळी करावी. भेगेवर ताडपत्री अंथरून पाणी दूर वळवावे आणि पायथ्याशी खणणे पूर्ण थांबवावे. टेकू लावण्यासाठी भिंतीखाली माणसे उभी करू नयेत. दुरुस्ती पावसानंतर करता येते. भिंतीखाली झोपलेली खोली मात्र त्याच रात्री रिकामी करावी लागते.