एका वाहिनीचे दोन मालक : आयआरक्यूच्या भांडणाचा इतिहास

१/ १९९०च्या दशकारंभी अनेक संगणकांत एक चमत्कारिक विकार आढळे. मॉडेमने क्रमांक फिरवण्यास आरंभ करताच माउसचा बाण पडद्यावर जागीच थिजे. कधी सारा संगणकच बंद पडे. दोन्ही उपकरणे निर्दोष असत. चूक वाटपातली होती, आणि तिचे मूळ १९८१पर्यंत जाते.

२/ त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसीत प्रोसेसरला हाक मारण्यासाठी उपकरणांना अवघ्या ८ वाहिन्या होत्या. त्यांना ‘आयआरक्यू’ म्हणत. १९८४च्या पीसी-एटीत दुसरी चिप जोडल्यावर वापरण्याजोग्या वाहिन्या १५ झाल्या. पण घड्याळ, कळफलक, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांचे क्रमांक राखीवच. कॉम-१ आणि कॉम-३ या दोन्ही पोर्टांच्या वाट्याला ४ हाच क्रमांक आला. एकावर माउस, दुसऱ्यावर मॉडेम, की कलह अटळ!

३/ आयएसए रचनेत दोन कार्डांना एक वाहिनी बिनधोक वाटून घेता येत नसे. दोन खोल्यांना एकच घंटा असली तर शिपायाने जावे कोठे? उपाय हाताचाच होता : सारी कार्डे काढायची, एकेक परत बसवून पाहायचे, प्रत्येकाचा क्रमांक कागदावर टिपायचा, आणि कार्डावरचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारे इवलेसे टोपण, चिमट्याने दुसऱ्या जागी बसवायचा.

४/ आयबीएमला हे दुखणे ठाऊक होते. १९८७च्या पीएस/२ संगणकांतील मायक्रो चॅनेलमध्ये वाहिन्या वाटून घेता येत आणि जंपरही लागत नसत. परंतु ती रचना वापरायची तर आयबीएमला स्वामित्वशुल्क देणे आले. १९८८मध्ये कॉम्पॅकसह ९ कंपन्यांनी ईआयएसए हा पर्याय पुढे केला, तोही महागच. सामान्य ग्राहक स्वस्त, खुल्या आयएसएवरच राहिला. तेथे कोणीही कार्ड बनवू शके, म्हणूनच क्रमांक वाटून देणाराही कोणी नव्हता. पीसीच्या खुलेपणाचे कौतुक करताना ही किंमत सहसा हिशेबात धरली जात नाही.

५/ १९९३मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी आयएसएसाठी ‘प्लग अँड प्ले’चे नियम मांडले; २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ने ते घरोघर नेले. नव्या कार्डांना संगणकच क्रमांक देई. जुनी जंपरवाली कार्डे मात्र आपला क्रमांक सोडत नसत, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह उमटे. थट्टेखोरांनी या सोयीचे नाव ‘प्लग अँड प्रे’ ठेवले : जोडा आणि देवाचा धावा करा! वाहिन्या वाटून घेऊ देणाऱ्या पीसीआयने जम बसवल्यावर मदरबोर्डांवरून आयएसएच्या खाचा हळूहळू नाहीशा झाल्या.