ओझे कुणाचे, खांदा कुणाचा

पायी प्रवास करणाऱ्यांच्या सामानाच्या याद्या जमवण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. प्रवासवर्णनातले डोंगर आणि सूर्योदय पुष्कळदा एकमेकांसारखेच असतात. पिशवीत काय भरले हे सांगताना मात्र माणूस स्वतःबद्दल खरे बोलून जातो. माझ्याकडच्या याद्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एमा गेटवूड या अमेरिकन बाईंची, 1955 सालची. घरी शिवलेली डेनिमची एक पिशवी. तंबूऐवजी न्हाणीघरात लावायचा प्लॅस्टिकचा पडदा. एक लष्करी कांबळे, रेनकोट, आयोडीन, चिकटपट्ट्या, चाकू, टॉर्च. खायला मनुका, सुका मेवा, दुधाची भुकटी, डब्यातले सॉसेज. पायांत केड्सचे कॅनव्हासचे बूट. पाठीवर बांधायची सॅकसुद्धा नाही. ही पिशवी खांद्यावर टाकून वयाच्या 67व्या वर्षी त्या जॉर्जियातल्या माउंट ओग्लथॉर्पवरून 3 मे रोजी निघाल्या आणि अॅपलेशियन ट्रेल ही सुमारे 3,300 किलोमीटरची डोंगरवाट चालून 25 सप्टेंबरला मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर पोहोचल्या.

हलके सामान घेऊन लांब चालणे ही आता एक विद्या झाली आहे. तिचा इतिहास सांगणारे बहुधा नायलॉन, अॅल्युमिनियम, टायटॅनियम असा क्रम लावतात, म्हणजे वस्तू हलक्या झाल्या आणि ओझे कमी झाले. मला हा क्रम पटत नाही. गेटवूडबाईंच्या पिशवीत नव्या शोधाची अशी वस्तू शोधली तर तो प्लॅस्टिकचा पडदा तेवढा सापडतो. ओझे कमी करावे असे मुळात कुणाला वाटले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातल्या साहेबी प्रवाशाला तसे वाटण्याचे कारण नव्हते. फ्रान्सिस गाल्टनचे ‘द आर्ट ऑफ ट्रॅव्हल’ हे 1855 साली निघालेले पुस्तक प्रवाशांच्या पिढ्यांनी वापरले. नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या मोहिमेचा अनुभव गाठीशी असलेला हा माणूस मोठा हिशेबी. गाढवाने किती वजन न्यावे, खेचराने किती, बैलाने आणि उंटाने किती, हे सारे तो सांगतो. पण हे सगळे हिशेब दुसऱ्याच्या पाठीचे आहेत. सामान वाढले की जनावर वाढवायचे, नाहीतर माणूस.

माणूस वाढवणे किती सोपे होते हे आपल्या कुमाऊंच्या डोंगरात दिसते. तिथे दौऱ्यावरचे अधिकारी, शिकारी, हवापालटाला आलेले साहेबलोक यांचे सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी नेण्याची पाळी गावकऱ्यांवर येई. कुणाची पाळी केव्हा, याच्या वह्या गावच्या प्रधानाकडे असत. कुली-उतार, कुली-बेगार आणि कुली-बर्दायश अशी या वेठीची तीन नावे: नावापुरत्या मजुरीवर ओझे वाहणे, फुकट राबणे आणि साहेबाच्या मुक्कामाला दाणागोटा पुरवणे. पेरणी चालली आहे की घरात आजारपण आहे, याची नोंद त्या वहीत नसे. 1921च्या जानेवारीत, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला शरयू-गोमतीच्या संगमावर बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी यापुढे वेठ न करण्याची शपथ घेतली आणि त्या वह्या नदीत बुडवल्या. ओझ्याच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे, असे मी मानतो. गिर्यारोहणाच्या पुस्तकांत मात्र ती शोधू नये.

ज्याला हमाल परवडत नाही आणि वेठीला धरायलाही कुणी नाही, त्याचे काय? याचे उत्तर देणारा पहिला महत्त्वाचा लेखक मला जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स वाटतो. हा पेनसिल्व्हेनियातला एक चांभार, ‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहिणारा. उंची जेमतेम सव्वापाच फूट, वजन पन्नास किलोंच्या आत, त्यात क्षयाची बाधा. न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक भागातली तळी पाहायची त्याला ओढ होती. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये जमीन लागते आणि होडी खांद्यावर घेऊन चालावे लागते. श्रीमंत मंडळी तिथे वाटाड्या ठेवत. वल्हवणे, उचलणे, रांधणे सगळे तोच करी. सिअर्सपाशी तेवढे पैसे नव्हते. त्याने जे. हेन्री रश्टन या कारागिराकडून लाकडी होड्या करून घेतल्या. 1880 सालची होडी आठ किलोंच्या आसपास होती. 1883 साली त्याने घेतलेली ‘सेअरी गँप’ पावणेपाच किलोंच्या आसपास! डिकन्सच्या कादंबरीतली ही दाई पेल्यात पाण्याचा थेंब घेत नसे. होडीतही पाणी शिरू नये म्हणून हे नाव. त्या वर्षी तो 266 मैल हिंडला. होडी, कपडे, पांघरूण, कुऱ्हाड, गळ आणि दोन दिवसांची शिधा धरून सगळे ओझे 26 पौंड, म्हणजे बारा किलोंच्या आत. पुढच्या वर्षी निघालेल्या ‘वुडक्राफ्ट’ या त्याच्या पुस्तकात हलके जा हा उपदेश पुन्हापुन्हा येतो. तो दुखऱ्या छातीच्या माणसाने केलेला उपदेश आहे, हे विसरून चालणार नाही.

गेटवूडबाईंचा वसा हाच. त्यांच्याबद्दल लिहिताना अमेरिकन वर्तमानपत्रांनी ‘आजीबाईंचे कौतुक’ असा सूर लावला. अकरा मुलांची आई, शेतावर राबलेली. हे छापायला गोड होते. नवऱ्याने वर्षानुवर्षे केलेली मारहाण, फुटलेले दात, मोडलेली बरगडी, 1940च्या सुमाराचा घटस्फोट, हे त्या सुरात बसत नव्हते आणि बाईही तेव्हा बोलल्या नाहीत. मार चुकवायला त्या रानात निघून जात. रानात जायचे तर काय लागते आणि काय लागत नाही, हे त्यांना वाट चालायला घेण्याच्या कितीतरी आधीच कळले असले पाहिजे, असा माझा तर्क आहे. 1954 साली पहिल्या प्रयत्नात त्या मेनमध्ये वाट चुकल्या, चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनी त्यांना घरी जा म्हणून सांगितले. मुलांना न सांगता त्या पुढच्या वर्षी पुन्हा निघाल्या. तंबू न घेता त्या निभावल्या याचे एक कारण असे की पुष्कळ रात्री वाटेवरच्या अनोळखी लोकांनी जेवण आणि अंथरूण दिले. काहींनी दार लावूनही घेतले. मग ओसरीवर, गवतावर, पानांच्या ढिगावर झोपायचे.

1992 साली रे जार्डिन या गिर्यारोहक अभियंत्याने पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर चालणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली आणि या विद्येला शास्त्राची कळा आली. तंबूऐवजी ताडपत्रीसारखे एक कापड, जड बुटांऐवजी धावायचे बूट, स्लीपिंग बॅगऐवजी चक्क गोधडी. कारण अंगाखाली दबलेला कापूस ऊब देत नाही, मग तो वाहायचा कशाला? हे सामान जार्डिन पती-पत्नी घरीच शिवत. कापड, धावते बूट आणि शिवणयंत्र. 37 वर्षांपूर्वीची ती डेनिमची पिशवी आठवल्याशिवाय राहत नाही. जार्डिनच्या मागे कंपन्या उभ्या राहिल्या, ग्रॅमचे हिशेब आले, दात घासायच्या ब्रशाची दांडी कापणारे लोक आले. त्यांची चेष्टा करायचा मोह होतो, पण निदान ते आपले वजन आपण उचलतात.

आपल्याकडे ही हलकी सॅक आणि हलका बूट आता दुकानोदुकानी मिळतो. हिमालयातल्या ट्रेकच्या माहितीपत्रकांत मात्र ‘बॅग ऑफलोड’ अशी एक ओळ असते. दिवसाचे पैसे भरले की तुमची बॅग खेचरावर किंवा हमालाच्या पाठीवर जाते. बॅगेच्या वजनाची मर्यादा त्या ओळीशेजारी ठळक छापतात. एका हमालाने अशा किती बॅगा उचलायच्या, हे मी वाचलेल्या पत्रकांत कुठे छापलेले नव्हते.