भुलाबाईचा खाऊ

श्रोतेहो, इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजेरजवाडे उभे राहतात. आज मात्र मी आपणांस एका झाकलेल्या डब्याचा इतिहास सांगणार आहे.

आमच्या रावेरकडे, नव्हे सबंध खानदेशात, भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोबा म्हणजे शंकर. तेथून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या मुली संध्याकाळी घरोघर टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की खरी गंमत! घरची मुलगी झाकलेला डबा आणते, कानाशी हलवून दाखवते आणि बाकीच्यांनी आतला खाऊ ओळखायचा. "गोड की तिखट?" "भाजलेला की तळलेला?" कुणालाच ओळखता आला नाही, तर घरची जिंकली.

आता पाहा, यात डोके चालते ते दहा-बारा वर्षांच्या पोरीचे. डबा खळखळला की फुटाणे, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून ती केळ्याचे शिकरण ठेवते. ते वाजतच नाही! घरात असेल त्यातूनच नवे काढायचे, ही स्वयंपाकाची पहिली शाळा.

आणि त्या डब्यात जग सामावलेले असते बरे का. ज्वारीच्या लाह्या झाल्या, तर ज्वारीचे मूळ आफ्रिकेत. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मका आणि मिरचीही अमेरिकेचीच. 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या काळात ही अमेरिकेची पिके इकडे आली. परक्या वस्तूला आपल्या चवीचे करून घेण्याचे काम कुणा राजाने केले नाही. ते चुलीपुढच्या हातांनी केले.

माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत एका घरी फार ओढग्रस्त होती. त्या मुलीच्या पाळीला सगळ्याजणी लाडूपासून शेवेपर्यंत नावे घेऊन दमल्या. झाकण उघडले तर आत भाजलेले चिंचोके! त्या संध्याकाळी तीच जिंकली. या खेळात किमतीला मान नाही, कल्पनेला आहे. आम्ही मुलगे मात्र नुसते खायला उभे. भाकरी थापायला आम्हांला कुणी शिकवले नाही, हे आज खटकते.

इंग्रज सरकारने 1880 साली खानदेशचे गॅझेटियर छापले. पिके, बाजार, रस्ते यांची त्यात तपशीलवार माहिती आहे. पण असले ग्रंथ मोठ्या माणसांच्या हिशेबाचे. पोरींच्या डब्याची नोंद आपणच ठेवायला हवी.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. यंदा भुलाबाई बसली की वर्गात एक वही ठेवा. कोणी कोणता खाऊ केला, कुणाकडून शिकला, कोण हरले, हे मुलींनी लिहावे. आणि हो, एखादा डबा मुलग्यांनाही भरू द्या. वाजला तरी चालेल!