गरिबाचा डबल डाय

बाबा गेल्यावर त्यांची नाण्यांची पेटी उघडायला मला वर्ष लागलं. वरच्याच कप्प्यात, शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईंशेजारी, मी २००१ साली न्यू जर्सीहून पाठवलेला अमेरिकन सेंट होता. १९५५चा. पण त्याच्याआधी खऱ्या १९५५ची गोष्ट सांगायला हवी.

नाणं पाडायचा पोलादी ठसा म्हणजे डाय. उठावाची अक्षरं असलेला दुसरा पोलादी साचा, हब, प्रचंड जोराने दाबून तो तयार करतात. त्या काळी एका दाबात चित्र पुरेसं खोल उमटत नसे. शिवाय दाबाने पोलाद कडक होई. मग तापवून मऊ करायचं आणि पुन्हा दाबायचं. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक डाय दुसऱ्या वेळी जरासा फिरलेला बसला. झालं! वर्ष, 'लिबर्टी', 'इन गॉड वुई ट्रस्ट', सगळं दोनदा. लिंकनसाहेब मात्र जवळजवळ जसेच्या तसे, कारण ते मध्यभागी. जातं फिरतं तेव्हा मधला खिळा कुठे सरकतो? मागची बाजू वेगळ्या डायची, ती निर्दोष.

त्या डायने सुमारे ४०,००० सेंट पाडले. चूक लक्षात आली तोवर त्यातले २० ते २४ हजार बाकीच्या ढिगात मिसळून गेले होते. एवढ्यासाठी सगळा ढीग कोण वितळवणार? दिले सोडून. पुढे ते सापडू लागले चक्क सिगारेटच्या पाकिटांत! मशीनमध्ये २५ सेंटचं नाणं टाकायचं, पाकीट २३चं, म्हणून सुटे दोन सेंट सेलोफेनखाली सरकवलेले असत. (सिगारेटपासून कुणाचा फायदा झाल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे.)

शिवराईवरही 'श्री राजा शिव' कधीकधी दोनदा उमटलेलं दिसतं. पण ती हातोड्याने पाडलेली नाणी. दुसरा घाव सरकला की चूक त्या एकाच नाण्याची. चूक डायमध्येच असेल तर त्यातून निघणारं प्रत्येक नाणं तसंच, अगदी एकसारखं. भिंगाखाली दोन्ही अक्षरं गोलसर, पुऱ्या उठावाची दिसतात आणि टोकांशी खाच असते. ठोका पडताना सैल डाय हलला असेल तर अक्षराची कड चेपून सपाट पायरी होते, मूळ अक्षर बारीक होतं. फसतात ते बहुतेक इथेच. आणि तिसरा प्रकार, झिजलेला डाय. हजारो ठोक्यांनी डायमधल्या अक्षराची कड विरते आणि नाण्यावर अक्षराशेजारी सावली दिसते. १९५५च्याच कितीतरी सेंटांवर शेवटच्या ५ला अशी सावली आहे. बाजारात त्याला 'पुअर मॅन्स डबल डाय' म्हणतात. खऱ्याला आज हजार डॉलरहून जास्त पडतात, याला दोन-चार.

मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. जुन्या वस्तूंच्या बाजारात एकाने 'हाच तो' म्हणून पन्नास डॉलरला दिला. नवी नोकरी, पहिले पगार. मी फोन करून ऐटीत सांगितलं, "बाबा, तुमच्या पुस्तकातलं नाणं पाठवलंय."

मिळाल्यावर त्यांचा फोन आला. "छान आहे रे. जपून ठेवतो."

"भिंग लावून बघितलंत का?"

"बघितलं की."

मग ते हवापाण्याबद्दल बोलत राहिले. पुढच्या सोळा वर्षांत त्या नाण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही विसरलो.

पेटीतल्या कागदी पाकिटावर त्यांचं बारीक अक्षर आहे : '१९५५ सेंट. फक्त शेवटचा ५. डाय झिजलेला.' प्रत्येक पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात ते नाण्याची किंमत लिहीत. इथे त्या जागी लिहिलंय, 'चिरंजीवांकडून'.