मालेगावचा सिनेमा

नाशिक जिल्ह्यातले मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग बसवले. पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. मागावरचा कामगार एका पाळीत बारा-बारा तास उभा असतो आणि त्याची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. त्या दिवशी हाती पगार आणि मोकळा वेळ दोन्ही असल्याने शहरातली चित्रपटगृहे ओसंडून वाहत.

चित्रपटगृहांच्या जोडीला व्हिडिओ पार्लरे होती. एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि काही बाकडी एवढेच त्यांचे भांडवल. नासिर शेख असेच एक पार्लर चालवत. गिऱ्हाईक कुठे हसते आणि कुठे कंटाळून उठते, हे त्यांना तिथे रोज दिसे. परदेशी चित्रपटांचे तुकडे जोडून दाखवण्याच्या खटपटीत संकलनही हाताखालून गेले. सिनेमाचे शिक्षण म्हणायचे तर एवढेच.

2000च्या सुमारास त्यांनी ‘शोले’चे विडंबन करणारा ‘मालेगाव के शोले’ काढला. त्याचा खर्च सुमारे 50,000 रुपये सांगितला जातो. कॅमेरा साधा व्हिडिओचा, नट मागावरचे आणि दुकानांतले, संवाद गावच्या बोलीतले. घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर बसले. विडंबनाची निवड इथे कामी आली. मूळ कथा प्रत्येकाला पाठ असल्याने ती उभी करण्यावर पैसा घालावा लागत नव्हता, आणि जे जमले नाही त्याचाच विनोद होत होता. गंभीर कथानकात सायकलवरचा डाकू पडला असता. इथे त्यानेच चित्रपट चालवला.

साधनांचीही अशीच जुळवाजुळव. चालता शॉट सायकलवरून घेतला जाई. क्रेनचे काम बैलगाडी करी: एका टोकाला कॅमेरावाला बसवायचा आणि बाकीच्यांनी दुसरे टोक खाली दाबायचे, की तो अलगद वर उचलला जाई. स्त्री भूमिकांचा प्रश्न मात्र असा हातोहात सुटला नाही. स्थानिक घरांतून मुली मिळत नसत, त्यामुळे नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत.

नंतरचा एक प्रयोग सुपरमॅनचा. नायक शफीक शेख हे मागावरचे कामगार, अंगाने काटकुळे. उडण्याची दृश्ये हिरवा पडदा लावून संगणकावर जुळवली गेली. या चित्रीकरणाच्या धांदलीवर फैजा अहमद खान यांनी केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट 2008मध्ये पूर्ण झाला आणि 2012मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत आला. ते बघायला शफीक राहिले नव्हते. 2011मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पटकथा लिहिणारे फरोग जाफरी यांच्यासारखी पडद्यामागची माणसेही या माहितीपटामुळेच बाहेरच्यांना ठाऊक झाली. नासिर शेख आणि त्यांच्या साथीदारांच्याच कथेवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी 2025मध्ये प्रदर्शित झाला.

दरम्यान गावातला धंदा बदलला होता. सीडीच्या चोरट्या नकला निघू लागल्या, मग मोबाइल आले आणि पार्लरांची बाकडी रिकामी झाली. चित्रीकरण मात्र थांबले नाही. छोटू दादासारख्या नटांच्या खानदेशी विनोदी फिती आता यूट्यूबवर निघतात. त्या मालेगावच्याच गल्ल्यांत आणि आसपासच्या माळावर चित्रित होतात, आणि त्यांचा प्रेक्षक खानदेशापुरता उरलेला नाही.